घरपट्टी-आकारणी व तीवरील अपील

घर, इमारत किंवा मोकळी जागा यांवर स्थानिक स्वराज्य संस्था जो वार्षिक कर बसविते, त्याला बोलीभाषेत घरपट्टी व कायद्याच्या परिभाषेत मालमत्ता कर किंवा इमारती व जमिनी यांवरील कर म्हणतात. हा कर ठरविण्यासाठी मालमत्तेचे जे मोजमाप, वर्गीकरण व मूल्यनिर्धारण केले जाते, त्यास आकारणी म्हणतात. ती मान्य नसल्यास प्रथम तक्रार वा हरकत नोंदविणे आणि हरकतीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे दाद मागणे, हे दोन्ही टप्पे मिळून अपिलाची व्यवस्था पूर्ण होते. यांपैकी पहिला टप्पा नागरिकांकडून बहुधा दुर्लक्षिला जातो. परंतु कायद्याच्या रचनेत तोच निर्णायक आहे. हरकत मुदतीत घेतली नसेल, तर पुढील अपिलाचा दरवाजा सामान्यतः बंदच राहतो.

प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेचे विवेचन मुख्यतः खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे. महाराष्ट्रातील घरपट्टीविषयक तिन्ही कायदेशीर चौकटी या दोन जिल्ह्यांत लगोलग आढळतात. जळगाव व धुळे ही शहरे २००३ पासून महानगरपालिकांच्या अधिकारात आहेत. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा यांसारख्या गावी नगरपरिषदा असून उर्वरित बहुतेक वस्ती ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात येते. त्यामुळे एकाच कुटुंबाचे गावातील जुने घर, तालुक्याच्या ठिकाणचे दुकान व जिल्ह्याच्या ठिकाणची सदनिका या तिन्हींना तीन वेगळे कायदे लागू होऊ शकतात आणि अपिलाची जागाही तिन्ही ठिकाणी वेगवेगळी असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : घरांवरील पट्टी महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीच्या काळातील विविध पट्ट्यांत घरपट्टीचा समावेश होता व व्यापारी-कारागिरांकडून मोहतर्फा घेतला जाई. १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिश अंमलाखाली आला. पहिला ब्रिटिश प्रशासक कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे ठरवून तेथे आखीव वस्ती वसविली. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात धुळे, जळगाव इ. गावी नगरपालिका स्थापन झाल्या. त्यांना आधार होता तो १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाचा. त्यानंतर मुंबई इलाख्यात १८७३, १८८४ व १९०१ या वर्षी जिल्हा नगरपालिकांसंबंधीचे कायदे झाले आणि मोठ्या नगरांसाठी १९२५ चा मुंबई म्युनिसिपल बरो अधिनियम आला. १९०६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे व धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्यालय बनले.

या जुन्या कायद्यांत घरपट्टीच्या देयकाविरुद्धचे अपील न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चाले. मात्र त्यापूर्वी आकारणी यादी प्रसिद्ध झाली असता नगरपालिकेकडे लेखी हरकत नोंदविलेली असणे आणि मागणीची रक्कम भरलेली असणे आवश्यक होते. ‘आधी हरकत, मग भरणा, मग अपील’ हा क्रम शतकाहून अधिक काळ टिकून आहे. बदल झाला तो मुख्यतः अपील ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यात.

घरपट्टीवरून झालेल्या वादांत खानदेशातील उद्योगही मागे नव्हते. अमळनेर बरो नगरपालिका व तेथील प्रताप कापड गिरणी यांच्यातील करविषयक वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या निर्णयाचा उल्लेख या विषयावरील पुढील खटल्यांत होत राहिला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील लोकमान्य मिल विरुद्ध बार्शी बरो नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिलेला निर्णय तर मूलगामी ठरला. तेथील नगरपालिकेने गिरण्यांच्या इमारतींचे वार्षिक भाडेमूल्य सरसकट जोत्याच्या क्षेत्रफळावरून, ठराविक दराने धरण्याचा नियम केला होता. न्यायालयाने तो अवैध ठरविला. वेगवेगळ्या प्रकारच्या इमारतींपासून प्रत्येक चौरस फुटास सारखेच उत्पन्न मिळते असे गृहीत धरणे मनमानीचे आहे. शिवाय अशा नियमामुळे मूल्यनिर्धारणास आव्हान देण्याचा करदात्याचा वैधानिक हक्क केवळ नावापुरता उरतो, हे त्या निर्णयाचे सार होय. हरकतीचा हक्क हा आकारणीला जोडलेला शिष्टाचार नसून आकारणीच्या वैधतेचाच घटक आहे, ही भूमिका या निर्णयाने दृढ झाली.

आकारणीची पद्धत : महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) लागू आहे. करविषयक तपशीलवार नियम त्याच्या अनुसूची ‘ड’ मधील आठव्या प्रकरणात दिलेले आहेत. नगरपरिषदा व नगरपंचायती यांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू पडतो. या दोन्ही कायद्यांतील मूळ कल्पना करयोग्य मूल्याची आहे. एखादी इमारत वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे भाडे अपेक्षिता येईल, त्यातून दुरुस्ती व अन्य सर्व सवलतींच्या ऐवजी दहा टक्के वजा करून उरणारी रक्कम म्हणजे करयोग्य मूल्य. येथे ‘वाजवीपणे अपेक्षित’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असण्याची गरज नसते. तसेच एखाद्या गरजू भाडेकरूने अपवादात्मक परिस्थितीत दिलेले चढे भाडे हाही वाजवीपणाचा निकष नव्हे. भाडेनियंत्रण कायद्याखालील प्रमाण भाड्याच्या पलीकडे करयोग्य मूल्य जाऊ शकत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात मांडले. पुढील काळात न्यायालयांनी व कायदेमंडळांनी त्याला मर्यादा घातल्या. तरी जुन्या भाडेकरूंच्या वाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न अद्याप उपस्थित होतो.

कायद्यातील दुरुस्त्यांनी भांडवली मूल्यावर कर बसविण्याचा पर्यायही उपलब्ध करून दिला आहे. या पद्धतीत भाड्याऐवजी मालमत्तेच्या बाजारमूल्याचा आधार घेतला जातो. मुंबई महानगरपालिकेने केलेल्या भांडवली मूल्यविषयक नियमांपैकी काही नियम न्यायालयात टिकले नाहीत. जमिनीची भावी विकासक्षमता आज अस्तित्वात असल्याप्रमाणे धरून कर लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. यावरून असे दिसते, की आधार भाड्याचा असो वा भांडवली मूल्याचा, आकारणी मालमत्तेच्या प्रत्यक्ष स्थितीशी जोडलेली असावी लागते.

करयोग्य मूल्यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, सफाई कर, अग्निशमन कर इ. विविध कर निरनिराळ्या टक्केवारीने आकारले जातात. राज्य शासनाचा शिक्षण उपकरही त्याच आधारावर वसूल होतो. निवासेतर मालमत्तांवर रोजगार हमी उपकराची भर पडते. म्हणजे करयोग्य मूल्य हा एकच आकडा चुकला, तर देयकातील अनेक रकाने एकदम चुकतात.

एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, एका घराचे आकारणीयोग्य क्षेत्र ६० चौ. मी. असून त्या भागासाठी दरमहा दर चौ. मी. ला १० रु. भाडे धरले आहे. वार्षिक भाडे ७,२०० रु.; त्यातून दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ६,४८० रु. होते. सर्व करांची बेरीज ४० टक्के धरल्यास घरपट्टी २,५९२ रु. येईल. आता मोजणीत उघडा ओटा व मागील अंगण चुकीने धरले जाऊन क्षेत्र ७५ चौ. मी. नोंदले गेले, तर करयोग्य मूल्य ८,१०० रु. व घरपट्टी ३,२४० रु. होईल. वर्षाचा फरक केवळ ६४८ रु. आहे. परंतु नवे आकारणी पुस्तक दरवर्षी तयार करावे लागत नाही. चार वर्षांतून एकदा ते करणे पुरेसे असते. त्या चार वर्षांत हाच फरक २,५९२ रु. म्हणजे संपूर्ण एका वर्षाच्या योग्य घरपट्टीएवढा होतो आणि पुढील आकारणी जुन्याच मोजमापावर आधारली गेल्यास चूक पुढेही चालू राहते.

खानदेशातील घरे व आकारणीतील अडचणी : तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतील जुन्या गावांत धाब्याची घरे पुष्कळ आहेत. मातीच्या वा विटांच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया व काटक्यांचा थर आणि वर मातीचे सपाट छप्पर अशी त्यांची रचना असते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकून ते पाणीबंद करावे लागते. अशा घराच्या देखभालीचा खर्च सिमेंटच्या घरापेक्षा वारंवार उद्भवणारा असतो. परंतु दहा टक्क्यांची वजावट ‘सर्व सवलतींच्या ऐवजी’ असल्याने प्रत्यक्ष खर्च अधिक झाला, तरी वजावट वाढत नाही. म्हणून धाब्याच्या घराच्या मालकाने दुरुस्तीच्या पावत्या पुढे करण्यापेक्षा त्या घरास वाजवी भाडे किती येईल आणि त्याची नोंद कोणत्या बांधकामवर्गात व्हावयास हवी, या मुद्द्यांवर भर देणे अधिक उचित ठरते. समोरची भिंत विटांची व गिलावा केलेली असून मागील दोन खण मात्र मातीचे आहेत, अशा घराची नोंद पाहणीच्या वेळी सरसकट पक्के बांधकाम म्हणून होण्याची शक्यता असते.

दुसरी अडचण मिश्र वापराची. धुळ्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांत व जळगावच्या बाजारपेठेलगतच्या भागांत पुढे दुकान व मागे किंवा माडीवर बिऱ्हाड ही जुनी रीत आहे. निवासी व व्यापारी वापरांना दर वेगवेगळे असल्याने प्रत्येक भागाचे क्षेत्र निराळे मोजले जाणे आवश्यक असते. पुढील एका खोलीतील शिवणयंत्र वा किराणा दुकान यामुळे संपूर्ण घर व्यापारी ठरविले गेल्यास ती हरकतीस योग्य बाब होय. दुकान बंद होऊन खोली पुन्हा राहण्यासाठी वापरात आली असल्यास तसे वेळीच कळविले पाहिजे.

तिसरी अडचण नावांची आहे. घर आजोबांच्या नावावर, भाऊ वाटणी करून वेगळे राहिलेले, पण पालिकेच्या पुस्तकात एकच नोंद, ही स्थिती अनेक कुटुंबांत आढळते. अशा वेळी विशेष नोटीस मृत व्यक्तीच्या नावे निघते, ती कोणा एका भावाकडे पोहोचते आणि इतरांना आकारणीतील वाढ थेट देयकावरूनच कळते. महानगरपालिकेच्या नियमांनुसार मालमत्तेचे हस्तांतरण झाल्यास त्याची सूचना तीन महिन्यांच्या आत आणि मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने एका वर्षाच्या आत द्यावयाची असते. वाटणीनंतर एकाच बांधकामाची दोन ठिकाणी नोंद होऊन दुहेरी आकारणी होणे, हीदेखील याच दुर्लक्षाची परिणती होय. मात्र आकारणी पुस्तकातील नाव हे करदायित्वाचे निदर्शक असते. त्यावरून मालकी हक्क सिद्ध होत नाही. त्यामुळे वारसाहक्काचा वाद घरपट्टीच्या हरकतीत सुटू शकत नाही.

चौथी अडचण हद्दवाढीची. धुळे महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०१८ मध्ये वलवाडी, अवधान इ. लगतच्या गावांचा समावेश झाला. अशा क्षेत्रांतील घरांवर एकदम शहराच्या दराने कर न बसविता तो टप्प्याटप्प्याने वाढविण्याची तरतूद अधिनियमात आहे. समाविष्ट गावातील रहिवाशाने आपल्या देयकात हा टप्पा योग्य धरला आहे किंवा नाही, हे तपासणे अगत्याचे असते.

हरकतीची कार्यपद्धती : महानगरपालिकेत आकारणी पुस्तकातील मूल्यांच्या नोंदी पूर्ण झाल्यावर आयुक्त जाहीर नोटीस काढतात. मालक वा भोगवटादार यांस आपल्या मालमत्तेसंबंधीचा भाग विनामूल्य पाहता येतो व त्यातील उतारे घेता येतात. जाहीर नोटिशीपासून किमान पंधरा दिवसांची मुदत तक्रारींसाठी द्यावी लागते. मालमत्ता प्रथमच पुस्तकात नोंदली जात असेल किंवा तिचे मूल्य वाढविले जात असेल, तर मालकास अथवा भोगवटादारास स्वतंत्र विशेष नोटीस बजावणे बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत अशा नोटिशीवरच नमूद असते. ती नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जात असल्याने तो दिनांक नोटिशीवर लिहून ठेवणे हिताचे असते. तक्रार लेखी असावी लागते. त्यानंतर सुनावणीचा दिवस कळविला जातो, तक्रारदाराच्या उपस्थितीत चौकशी होते आणि निर्णयाप्रमाणे पुस्तकात दुरुस्ती केली जाते. तक्रारदार अनुपस्थित राहिला, तर निर्णय त्याच्या अनुपस्थितीत होऊ शकतो.

नगरपरिषदेत ही भूमिका प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी बजावतो. मुख्याधिकारी आकारणी यादी प्रसिद्ध करतात. हरकतींची सुनावणी नोटिशीनंतर किमान तीस दिवसांनी ठेवावी लागते व तत्पूर्वी लेखी हरकत सादर करावयाची असते. सर्व हरकतींचा निकाल लागल्यावर यादी प्रमाणित होते. अशा प्रमाणित यादीतील मूल्य त्यानंतर कराचा आधार म्हणून ग्राह्य धरले जाते.

हरकतीत पुढील मुद्दे ग्राह्य ठरतात : (१) क्षेत्रफळाच्या मोजणीतील चूक, (२) बांधकामाच्या प्रकाराचे चुकीचे वर्गीकरण, (३) बांधकामाचे वर्ष चुकीचे धरून घसारा कमी दिला जाणे, (४) वापराची चुकीची नोंद, (५) स्वतः राहत असलेल्या भागास भाडेकरूचा भाग समजणे, (६) चुकीचा विभाग वा दर लावणे, (७) दुहेरी नोंद, (८) शेजारच्या तशाच मालमत्तेच्या तुलनेत अवाजवी मूल्य. यांपैकी प्रत्येकास पुरावा लागतो. मंजूर नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, खरेदीखत, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजदेयक, भाडेकरार व छायाचित्रे ही नेहमीची साधने होत. क्षेत्रफळाच्या वादात प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी दाखविणारा साधा आराखडाही उपयोगी पडतो. कारण तो समोर ठेवून फेरमोजणीची निश्चित मागणी करता येते. ‘कर फार वाढला’ एवढेच लिहिलेल्या हरकतीवर अधिकाऱ्यास निर्णय देण्याजोगे काही नसते.

याउलट कराची टक्केवारी जास्त आहे, रस्ता खराब आहे, नळाला पाणी नियमित येत नाही, ही कारणे कितीही खरी असली, तरी वैयक्तिक मूल्यनिर्धारणावरील हरकतीत त्यांचा उपयोग होत नाही. टक्केवारी ठरविणे हे सभागृहाच्या अधिकारातील धोरणात्मक काम असून त्याविरुद्धचे म्हणणे करप्रस्तावाच्या वेळी मांडावयाचे असते. अनधिकृत बांधकामावरील शास्ती हाही निराळा विषय आहे. अशी शास्ती मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. मात्र कर वा शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

अपील : महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ अन्वये करयोग्य मूल्य, भांडवली मूल्य किंवा कर यांविरुद्धचे अपील न्यायाधीशापुढे चालते. पुण्याखेरीज अन्य शहरांत, म्हणून जळगाव व धुळे येथेही, हा न्यायाधीश म्हणजे दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) होय. अपील दाखल करून घेण्यासाठी प्रमुख अटी तीन आहेत : तक्रारीचे कारण उद्‌भवल्यापासून पंधरा दिवसांच्या आत ते दाखल झाले पाहिजे, त्यापूर्वी आयुक्तांकडे विहित रीतीने तक्रार होऊन तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, आणि कराविरुद्धचे अपील असल्यास, किंवा देयक मिळाल्यानंतर मूल्याविरुद्ध अपील केल्यास, मागणीची रक्कम आयुक्तांकडे जमा केलेली असली पाहिजे. न्यायाधीशाच्या निर्णयाविरुद्ध विवक्षित प्रकरणी जिल्हा न्यायालयात अपील करता येते. ज्या मूल्याविरुद्ध अपील केले गेले नाही, ते मूल्य अंतिम ठरते.

रक्कम आधी भरण्याची अट अनेकांना जाचक वाटते. तिच्या वैधतेचा प्रश्न अहमदाबादच्या अनंत मिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अपिलाचा हक्क कायद्याने निर्माण केलेला असल्याने कायदा त्यास वाजवी अटी घालू शकतो, असे म्हणून न्यायालयाने १९७५ मध्ये ही अट वैध ठरविली. अटीमागील कारण उघड आहे. पाणीपुरवठा, दिवाबत्ती व सफाई ही कामे अपिलांच्या निकालापर्यंत थांबविता येत नाहीत. तथापि तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. व्यापारी पेढी वादग्रस्त रक्कम भरून वर्षभर वाट पाहू शकते. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्धास किंवा धाब्याच्या घरात एकटी राहणाऱ्या विधवेस तेच जड जाते. म्हणूनच ज्या टप्प्यावर पैसे भरावे लागत नाहीत आणि वकिलाचीही गरज नसते, त्या हरकतीच्या टप्प्याचे महत्त्व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सर्वाधिक आहे.

नगरपरिषद क्षेत्रात पूर्वीच्या न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी आता मालमत्ता कर अपील समितीकडे दाद मागता येते. तेथेही देयक सादर झाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत, पूर्वी केलेली लेखी हरकत व रकमेचा भरणा या अटी आहेत. अधिनियमाने दाखविलेला मार्ग सोडून परस्पर दिवाणी दावा लावल्यास तो सामान्यतः टिकत नाही. आकारणीच अधिकाराबाहेरची असेल, तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो.

अपील प्रलंबित असताना कर न भरणे धोक्याचे असते. मालमत्ता कर १ एप्रिल व १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो. देयकातील रक्कम मुदतीत न भरल्यास थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते व पुढे जप्तीची कारवाई होऊ शकते. थकबाकी वसुलीसाठी वेळोवेळी जाहीर होणाऱ्या अभय योजनांत बहुधा शास्तीत सूट मिळते; चुकीची आकारणी मात्र त्यामुळे दुरुस्त होत नाही.

ग्रामपंचायत क्षेत्र : ग्रामपंचायतीची घरपट्टी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली व १९६० च्या कर व फी नियमांनुसार बसविली जाते. २०१५ च्या अखेरीस या नियमांत दुरुस्ती होऊन भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आली. तीत जमिनीचे क्षेत्र व वार्षिक मूल्यदर यांचा गुणाकार, तसेच इमारतीचे क्षेत्र, बांधकामाचा दर व घसारा यांचा गुणाकार या दोहोंची बेरीज करून तीस वापरानुसार भारांक लावतात व येणाऱ्या मूल्यावर दर हजारी कर आकारतात. या सूत्रात बांधकामाचा प्रकार व घराचे वय यांना विशेष वजन आहे. साठ वर्षांपूर्वीचे मातीचे घर अलीकडचे व पक्के म्हणून नोंदले गेल्यास दोन्ही बाजूंनी कर वाढतो. ही नोंद ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ या आकारणी नोंदवहीत असते. तिचा उतारा घेऊन प्रत्येक रकाना घराशी ताडून पाहणे, ही तपासणीची सर्वांत सोपी रीत होय. आकारणी यादीवर प्रथम ग्रामपंचायतीकडे हरकत घेता येते, त्यानंतर पंचायत समितीकडे अपील व तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे पुढील अपील करता येते. स्थायी समितीचा निर्णय अंतिम असतो.

मूल्यमापन : घरपट्टी हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे स्वतःच्या अधिकारातील प्रमुख उत्पन्न आहे. जकात व स्थानिक संस्था कर बंद झाल्यानंतर महानगरपालिकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी वाढले. त्यामुळे आकारणी वाढविण्याकडे प्रशासनाचा कल असणे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर कित्येक नवी बांधकामे नोंदीबाहेर राहतात, हेही वास्तव आहे. एकाची आकारणी कमी राहिली, तर तेवढा भार प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्यावर पडतो. या दृष्टीने हरकत व अपील ही कर चुकविण्याची साधने नसून कराची वाटणी न्याय्य ठेवण्याची साधने आहेत. योग्य हरकतीमुळे पालिकेच्या नोंदी अचूक होतात व त्यांचा उपयोग पुढील आकारणीसही होतो.

या व्यवस्थेतील मुख्य उणीव कायद्याच्या मजकुरापेक्षा तिच्या वापरात आहे. मुदत अल्प असते, नोटिशीची भाषा तांत्रिक असते आणि ती अनेकदा प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या हाती पोहोचत नाही. आकारणीत धरलेली क्षेत्रफळे, दर व घसारा यांचा तपशील नोटिशीसोबतच दिला गेला, मृतांच्या जागी वारसांची नावे वेळीच लागली आणि प्रभागनिहाय सुनावण्या घेण्यात आल्या, तर बहुतेक वाद पहिल्याच टप्प्यावर मिटण्यासारखे असतात. तोपर्यंत विशेष नोटीस हाती येताच तिच्यावर दिनांक घालणे, आकारणी पुस्तकातील नोंद पाहणे, घर मोजणे, मुदतीत लेखी हरकत देऊन तिची पोच घेणे आणि सुनावणीनंतर निर्णयाची प्रत मागणे, एवढी दक्षता घरमालकाने बाळगणे आवश्यक आहे. पुढील अपील करावे लागले, तर त्याचा पाया याच कागदांवर रचला जातो.